तुळसाक्कांचा तडा मी सरळ केला

गिरिजम्मांचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. बंगळूरच्या बनशंकरी भागात आमच्या जुन्या घराला लागून त्यांचं घर. आमचं बोलणं माझ्या मोडक्या कन्नडात आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत चालतं. त्या दिवशी त्या दोनच शब्द बोलल्या, "अक्का होदरु." अक्का गेल्या. रोज सहाच्या ठोक्याला दारात पाणी मारणारी बाई सात वाजले तरी दिसली नाही, म्हणून गिरिजम्मांनी आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तर अक्का झोपेतच... मी पिठाच्या हातानेच मोहनला हाक मारली. मोहन माझा नवरा, तुळसाक्का त्याची थोरली बहीण. तो तिथेच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, यंदा दिवाळीला आधी फोन कुणी करायचा हा प्रश्न मिटला. आठ महिने आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो.

पुढचे तेरा दिवस मी बनशंकरीच्या त्या घरात बायकांना चहा देत ऐकत होते. किती प्रेमळ होत्या. किती शांत. कुणाला कधी दुखावलं नाही. माझ्या ज्या चुलत जावेने त्यांना बारशाला बोलावणं टाळलं होतं, कारण या येऊन झबल्याची शिवण उलटी करून बघतील, तीच पदर डोळ्याला लावून सांगत होती, की आमच्या अक्का म्हणजे देवमाणूस. मी ट्रे आपटून आत गेले. तुळसाक्का प्रेमळ नव्हत्या. त्या खवट होत्या, हट्टी होत्या, आणि समोरच्याचं मन राखण्यासाठी एक शब्द इकडचा तिकडे करत नसत. मी त्यांचा सव्वीस वर्षं राग केला. मेल्यावर त्यांना गोड करून टाकणं हा त्यांचा अपमान आहे असं मला वाटतं, आणि तो निदान माझ्या हातून होऊ नये म्हणून मी हे लिहायला बसले आहे. माझ्याकडून त्यांचं जे झालं ते त्याहून वाईट आहे, तेही यात येईलच.

मी पुण्याची. लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हा या घरातली मराठी मला निम्मी कळत नसे. हे लोक कित्येक पिढ्यांपासून इथले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हींची मिसळ. सासूबाई मोहन लहान असतानाच गेल्या होत्या आणि त्याला अक्कांनी वाढवलं होतं. त्यांनी लग्न केलं नाही. आनेकलला कपड्यांच्या कारखान्यात त्या क्वालिटी चेकर होत्या. पहाटे बस धरायची, आणि दिवसभर पांढऱ्या दिव्याखाली उभं राहून शर्टांतल्या चुका शोधायच्या. सुटलेला टाका, पाव बोट तिरकी कॉलर, दोन छटांचा दोरा. चूक दिसली की तिथे लाल बाणाचं चिकट लेबल लावायचं आणि शर्ट परत पाठवायचा. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले, तर त्यांनी आशीर्वाद द्यायच्या आधी माझ्या साडीचा काठ उलटा केला, अंगठ्याने चाचपला आणि म्हणाल्या, "फॉल वाकडा लावलाय की गं. कुणी लावला?" फॉल माझ्या आईने लावला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि विसरलेही नाही.

काही वर्षं आम्ही एकत्र राहिलो. माझा भात मोकळा का होत नाही, माझी मराठी नाकातून का येते, मी गोधडीला एवढा घट्ट टाका का घालते... हो, मी गोधड्या करते. तो माझा व्यवसाय आहे. एकदा मोठ्या हौसेने केलेली एक गोधडी मी दिवाणावर पसरली आणि भाजी आणायला गेले. परत आले तर तिच्यावर सात लाल बाण. मी ते एकेक उपटून काढले आणि अक्कांच्या ताटाशेजारी नेऊन ठेवले. त्यांनी ते पुन्हा कागदावर नीट चिकटवले, वाया जाऊ नयेत म्हणून. मोहनची नोकरी हेब्बाळला गेली आणि आम्ही तिकडे घर केलं, तेव्हा सामानाच्या गाडीत बसताना मी हसत होते. अख्खं शहर मध्ये आलं, याचा मला आनंद झाला होता.

त्या निवृत्त झाल्या त्या वर्षी मोहनने त्यांना फोन घेऊन दिला. बाकीच्या बायका फुलांचे आणि नातवंडांचे फोटो काढतात. अक्का तीस वर्षांची सवय घेऊन रस्त्यावर उतरल्या. बसच्या सीटचा फाटलेला भाग कुणीतरी हिरव्या दोऱ्याने शिवलाय, कारण त्याच्याकडे दुसरा दोराच नव्हता. फुटपाथच्या फरशा मांडणाऱ्याचा हिशेब चुकलाय आणि शेवटी त्याने अर्धी फरशी उभी कोंबलीय. ओल्या सिमेंटमधून एक कुत्रं गेलंय, आणि गवंड्याने सहापैकी चारच ठसे बुजवलेत. असले फोटो त्या मला पाठवायच्या, रोज सकाळी, एक अक्षरही न लिहिता. मी आवाज बंद करून ठेवला. एकदा वैतागून विचारलं, "अक्का, हे मला कशाला पाठवता?" पलीकडून लगेच उत्तर आलं, "तुला दिसत नाही म्हणून."

हे वाक्य लागायचं कारण ते खरं होतं. त्या काळात माझं काम सडत चाललं होतं. मोर, कमळ, कोयरी, बाळाच्या नावाची अक्षरं. मागणी होती, हात चालत होते, डोळे मात्र मेले होते. नवं काही सुचावं म्हणून मी मोठमोठी पुस्तकं चाळायचे, संग्रहालयांत जायचे, आणि घरी येऊन पुन्हा मोर कापायचे. एका सकाळी कापड पसरून नुसतीच बसले होते, तेवढ्यात अक्कांचा फोटो आला. आनेकलच्या बसस्टँडसमोरच्या एका कुंपणाची भिंत. राखाडी पडलेला चुना, खालून वर गेलेला एक तडा. तो कधीतरी कुणी सिमेंटने बुजवला होता. पण भिंत पुन्हा फाटली होती, बुजवलेल्या रेषेला चिकटून, अगदी शेजारून. जुनी भरलेली रेघ आणि नवी काळी रेघ दोघी सोबतीने वर जात होत्या. मी रागानेच बघत होते, आणि बघताबघता कात्री हातात घेतली. मोहनचे दोन जुने राखाडी शर्ट फाडले. दुपारी जेवायचं विसरले. कित्येक वर्षांनी मला घाई झाली होती.

मग मी चटावलेच. हिरव्या दोऱ्याची सीट केली, अर्ध्या फरशीचा फुटपाथ केला. अक्कांना सांगितलं नाही. फोटो येत राहिले, मी घेत राहिले. फोनचा आवाज पुन्हा चालू केला. दोन दिवस काही आलं नाही तर मी चिडायचे, जणू दूधवाल्याने खाडा केलाय. त्या मला आवडायला लागल्या होत्या असं मुळीच नाही. त्यांचे डोळे मला हवे होते, आणि त्या डोळ्यांबरोबर येणारी बाई नको होती.

एकदाच मी त्यांच्यासोबत फिरले, तेही त्या कसं करतात ते चोरून बघायला. मंगळवार होता. बनशंकरीच्या देवळात बायका पिळलेल्या लिंबाच्या उलट्या केलेल्या वाट्यांत दिवे लावतात. रांगच्या रांग दिव्यांनी उजळली होती आणि सगळे तिचेच फोटो काढत होते. मीही फोन काढला. अक्का तिकडे पाठ करून झाडूवालीच्या ढिगाशी उकिडव्या बसल्या. विझलेली, काळवंडलेली, तुपात माखलेली लिंबाची सालं. त्या बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. कुणीतरी मागून ओरडलं, "स्वल्प सरका!" त्या सरकल्या नाहीत. मी म्हटलं, "इथूनच झूम करा ना, कपडे खराब होतील." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखादा बटण नसलेला शर्ट आहे. "झूम कशाला पायजे? पाय आहेत की मला. जवळ जायाचं. वास येईपर्यंत जायाचं." मग एकच फोटो काढला, एकच, आणि उठल्या. घरी आल्यावर मी माझे चाळीसएक फोटो पाहिले. सगळे सुंदर होते आणि एकाचाही काही उपयोग नव्हता. त्यांच्या त्या एका फोटोवरून मी पिवळ्या-काळ्या अर्धगोलांची गोधडी केली. ती आजवरची माझी सर्वांत चांगली गोधडी आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या गोधड्यांचं प्रदर्शन लागलं. छोटं दालन, पण माझ्यासाठी मोठीच गोष्ट. पहिल्या दिवशी संध्याकाळी गर्दी होती. दारात समई, समईला मोगऱ्याचा गजरा. प्रत्येक गोधडीखाली मी पाटी लावली होती, 'शहराच्या भिंतींवरून, रस्त्यांवरून सुचलेलं'. कुणाच्या डोळ्यांनी, ते लिहिलं नव्हतं. आनेकलच्या भिंतीच्या गोधडीपुढे उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "हे तुम्हाला सुचतं कसं?" आणि मी सहज, अगदी सहज म्हणाले, "मी फिरताना फोनवर फोटो काढत असते. नजर हवी त्याला." त्या बाईंचं लक्ष माझ्या खांद्यामागे गेलं, म्हणून मी वळले. मागे तुळसाक्का उभ्या होत्या. मोहन त्यांना घेऊन आला होता. इस्त्रीची सुती साडी, हातात कापडी पिशवी. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

आता या काय बोलणार म्हणून माझे कान तापले. त्या मात्र माझ्याकडे आल्याच नाहीत. सरळ गोधडीजवळ गेल्या, आणि वर एका जागी बोट ठेवलं.

"हितं ती वळली होती."

"काय?"

"भेग. हितं वळून बाहेर गेलीय फोटोत. तू सरळ वर नेलीस."

मी नेली होतीच. वळवली तर कापड गोळा होत होतं, तोल बिघडत होता. मी म्हटलं, "अक्का, ही कलाकृती आहे. भिंतीची झेरॉक्स नाही."

"भिंत उगीच वळत नाही गं. आत काहीतरी लागलं म्हणून वळली. तेच काढून टाकलंस की."

दहाबारा माणसं ऐकत होती. मी पकडली गेले होते, आणि पकडला गेलेला माणूस जे करतो तेच मी केलं. मी ओरडले. म्हणाले, "तुम्हाला आयुष्यात एकदा तरी काही चांगलं दिसलंय का? सगळीकडे नुसत्या चुका!" मोहन "वंदना, वंदना" करत होता. अक्कांचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "दिसलं की. म्हणून तर फोटो काढला." आणि पिशवी सावरत निघून गेल्या. मी खोटं बोलले होते त्याबद्दल त्यांनी तेव्हाही नाही आणि नंतरही कधी चकार शब्द काढला नाही. एकदा जरी त्या म्हणाल्या असत्या, की माझं होतं ते आणि तू चोरलंस, तर मी माफी मागितली असती, किंवा भांडले तरी असते. त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही, याचा मला आजही संताप येतो.

दुसऱ्या दिवसापासून फोटो बंद झाले. मोहन दर रविवारी जायचा, मी जायचे नाही. त्याने दोनतीनदा म्हणून पाहिलं, की चल, ती काही बोलणार नाही. मी म्हणायचे, तेच तर. त्या आठ महिन्यांत मी स्वतः फोन घेऊन भटकले. हेब्बाळच्या तळ्याकाठी गेले, बाजारात गेले, बांधकामांवर गेले. गंजलेली फाटकं, सोललेला रंग, सगळं काढलं, मुद्दाम चुका शोधून काढल्या. घरी येऊन पाहिलं की कळायचं, या अक्कांसारख्या दिसणाऱ्या चुका होत्या, इतकंच. एकही गोधडी झाली नाही. मी त्याचाही दोष त्यांनाच दिला.

तेराव्यानंतर मोहनने त्यांचा फोन माझ्या हातात ठेवला. त्याला तो उघडवत नव्हता. कुलूप नव्हतंच. मी बनशंकरीच्या घरात, मागच्या खोलीत जमिनीवर बसून बघत गेले. रस्ते, भिंती, फरशा, आणि मग अचानक माझ्या गोधड्या. पूर्ण गोधडी एकाही फोटोत नाही. नुसते टाके, अगदी जवळून. एक सुटलेला धावदोरा. एका कोपऱ्यात कापड दुमडून राहिलेलं. काळ्याऐवजी गडद निळा दोरा, जो मी काळा संपत आला म्हणून घातला होता आणि कुणाला कळणार नाही अशी खात्री बाळगली होती. आधी वाटलं, भांडणाच्या संध्याकाळीच काढले असतील. मग मध्ये तीन वेळा दारातली समई आली. एका फोटोत गजरा ताजा, दुसऱ्यात मान टाकलेला, तिसऱ्यात तपकिरी. मी दालनात दुपारी बसायचे. म्हणजे अक्का त्यानंतर आणखी दोनदा आल्या होत्या, सकाळी, मी नसताना. गिरिजम्मांना विचारलं तर त्या म्हणाल्या, हो, दोन बस बदलून जायच्या, गुडघा दुखायचा, मी नको म्हणायचे.

याला कुणी प्रेम म्हणू नका. मीही म्हणणार नाही. त्या चुका काढायला गेल्या होत्या, आणि चुका काढून आल्या. मी हेब्बाळला घरी जाऊन एकेक फोटो गोधडीशी लावून पाहिला. सगळं खरं होतं. फक्त एका जागी त्या चुकल्या होत्या. ज्याला त्यांनी सैल टाका समजलं होतं, ती हातमागाच्या कापडातलीच गाठ होती. तीस वर्षांच्या चेकरला गाठ आणि टाका यांतला फरक कळला नाही! मी खोलीत एकटीच मोठ्याने म्हणाले, "अक्का, हे बघा, इथे तुम्ही चुकलात." आणि मग मला रडू आलं, पहिल्यांदा. किती वेळ ते माहीत नाही.

भिंतीची गोधडी मात्र माझ्याकडे नव्हती. ती प्रदर्शनातच विकली गेली होती, आमच्याच भागातल्या एका कंपनीच्या स्वागतकक्षात काचेच्या दरवाजासमोर टांगलेली होती. मी तिथे गेले. तिथल्या व्यवस्थापक मुलीला म्हटलं, मला ही काही दिवसांसाठी परत हवी आहे, दुरुस्त करायची आहे. तिने मान वाकडी करून गोधडीकडे पाहिलं. "मॅम, इसमें तो कुछ भी खराब नहीं है." मी सांगितलं, यात दोन गोष्टी खोट्या आहेत. एक ही रेघ, आणि दुसरी ही पाटी. फोटो मी काढलेला नाही. ती गोंधळली. मग तिने कुणाकुणाला फोन केले, माझ्याकडून एक अर्ज लिहून घेतला, आणि चौथ्या दिवशी गोधडी उतरवून दिली. अर्जात कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, 'चूक माझी आहे.' इतकं सोपं वाक्य अक्का असताना माझ्या हातून झालं नाही.

मी ती बनशंकरीला नेली. हेब्बाळच्या घरात मला ते काम करता आलं नसतं. मागच्या खोलीत उत्तरेची खिडकी आहे, उजेड सारखा राहतो. तिथे फरशीवर गोधडी पसरली, शेजारी अक्कांचा फोन उभा केला आणि ती सरळ रेघ वरून खाली उसवत आणली. वळण घालायला दोन दिवस लागले. कापड गोळा झालंच. ते होऊ दिलं. आत काहीतरी लागलं म्हणून वळली असेल, तर तिथे उंचवटा यायचाच. आज ती रेघ वळते आणि काठाबाहेर निघून जाते, तोल बिघडतो, आणि खरं सांगते, गोधडी आधीपेक्षा कुरूप दिसते. माझं तेव्हाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण ती आता त्या भिंतीची आहे.

मग नाव. ते मागे अस्तरावर नाही, पुढच्या बाजूला, उजव्या खालच्या कोपऱ्यात घातलं. 'भिंत पाहिली तुळसाक्कांनी.' त्याच्याखाली कन्नडात नुसतं नाव, कारण आनेकलच्या बसमध्ये त्यांना हाक मारणारे सगळे कन्नडच होते. मला ती अक्षरं लिहिता येत नाहीत. गिरिजम्मांनी कागदावर काढून दिली, मी ती कापडावर गिरवली आणि काळ्या दोऱ्याने भरली. या वेळी खरोखरच्या काळ्या. संध्याकाळ व्हायच्या आत झालं. गिरिजम्मा कॉफी घेऊन आल्या, भांडं दूर ठेवलं, खाली वाकल्या आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचायला लागल्या. तिसऱ्या अक्षरापाशी बोट थांबलं. त्यांनी नाक कापडाला लागेल इतकं जवळ जाऊन पाहिलं.

"इदु सरी इल्ल," त्या म्हणाल्या. हे बरोबर नाही.

मी म्हटलं, कुठे? त्यांनी दाखवलं. मी कात्री घेतली आणि ते अक्षर उसवायला लागले.